उभ्याला बाप नव्हता

उभ्याला बाप नव्हता. आई नव्हती, गाव नव्हतं, लहानपण नव्हतं. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण त्याच्या सगळ्या गोष्टी मीच लिहिल्या. खात्रीनं सांगण्याची मला सवय नाही. मी काही बोललो की घरी परतताना वाटेत वाटत राहतं, आपलंच चुकलं असेल. पण या एका बाबतीत चुकलेलं नाही.

"काका, त्याच्या वडिलांना गावानं विहिरीत ढकललं होतं," केतकी म्हणाली. "तो लहान होता. काठावर उभा राहून बघत होता. म्हणून तो मोठेपणी असा नुसता उभा राहतो."

"हे कोणी सांगितलं?"

"आमच्या पटकथेनं."

केतकी म्हणजे माझा मित्र दिनू मेस्त्री याची मुलगी. दिनू उभ्याचा चित्रकार. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. केतकी मेंदूचा अभ्यास करून परदेशातून आली आणि पुण्यात सिनेमा बनवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर बसली. त्या दिवशी तिनं मला गाडी पाठवून सांगलीहून बोलावून घेतलं होतं. तिच्या खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत उभ्याचं नवं रूप होतं. पिळदार दंड, ओले केस, फाटका अंगरखा. डाव्या डोळ्याखाली एक टपोरा अश्रू.

"हा रडतोय?" मी विचारलं.

"ते तर तुमच्याच चित्रांत आहे." तिनं जुने अंक पडद्यावर आणले. "बघा. सुरुवातीच्या अंकांत काही नाही. मग डोळ्याखाली एक पांढरा ठिपका येतो. पुढच्या अंकांत तो लांबत जातो, आणि शेवटच्या वर्षी गालापर्यंत ओघळलेला आहे. बाबांनी आठ वर्षं एक अश्रू ओघळवला, काका. याच्यावर लोकांनी प्रबंध लिहिलेत."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण ती बापाबद्दल फार प्रेमानं बोलत होती.

खरी गोष्ट अशी. 'झुंबड' हे मुलांचं मासिक आम्ही सांगलीत पायानं चालवायच्या एका ट्रेडल मशीनवर छापत असू. चित्र छापायचं तर जस्ताचा ब्लॉक, म्हणजे ठसा, करून घ्यावा लागे, तोही कोल्हापूरहून, आणि ते आम्हाला झेपत नसे. म्हणून घराचा एक ब्लॉक, झाडाचा एक, विहिरीचा एक, असे ठरावीक ब्लॉक आम्ही आलटून पालटून वापरत असू. महिन्याला एकच नवा ब्लॉक परवडे, आणि तो चोराचा असे. कुणाची तरी वस्तू लाटणारा सावकार, दुकानदार, मामलेदार, कधी शाळेतला मुलगा. उभ्याचा ब्लॉक मात्र आम्ही एकदाच केला आणि मासिक बंद पडेपर्यंत तोच वापरला.

त्यामुळे उभ्या हलत नसे. हलणार कसा? डावा खांदा थोडा खाली, हात सरळ लोंबते, काळा चेहरा, समोर रोखलेले दोन डोळे. ज्यानं दुसऱ्याचं घेतलं त्याच्या दारासमोर तो सकाळी उभा दिसे. मारत नसे, बोलत नसे, बसत नसे, दिलेलं खात नसे. चोर ओरडे, विनवी, पोलीस बोलावी, आणि पुढच्या चौकटीत उभ्या तसाच. अगदी तसाच, कारण ब्लॉक तोच. शेवटी चोर घेतलेली वस्तू परत करी. शेवटच्या चौकटीत आम्ही उभ्याचा ब्लॉक लावत नसू. त्या जागी कागद कोरा राही.

"तू बोलत नाहीस, तसा हाही बोलणार नाही," दिनू पहिल्या दिवशी मला म्हणाला होता. "नाहीतरी फुग्यात अक्षरं बसवायला जागा नाही."

आणि तो अश्रू? आमचा मशीनमन तारेच्या ब्रशनं ब्लॉक घासायचा. एकदा डोळ्याखाली ओरखडा पडला. ओरखड्यात शाई धरत नाही, तिथे पांढरं उमटतं. दर महिन्याला घासून घासून तो वाढत गेला.

हे मी केतकीला सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"असेलही," ती म्हणाली. "पण काका, ओरखडा कुणाला हवाय? अश्रू म्हटल्यावर लोक त्याच्या जवळ जातात. आम्ही मोजलंय."

"जवळ जायचं नाही त्याच्या."

"का नाही?"

मला उत्तर माहीत होतं, पण वाक्य जुळेना. मी चहा प्यालो.

त्यांनी नेमकं काय मोजलं हे तिनं मला समजावून सांगितलं, आणि तिला समजावता चांगलं येतं. त्यांच्या यंत्रणेचं नाव समस्पंद. प्रेक्षकानं चष्मा घालायचा आणि कानामागे बोटाच्या पेराएवढी चकती लावायची. चष्मा डोळ्याची बाहुली किती मोठी झाली हे बघतो. चकती नाडी, श्वास आणि कातडीवरचा घाम टिपते.

"तुम्ही अंधारात जिना उतरताय," ती म्हणाली. "अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकता आणि पायरी नसते. पोटात गोळा येतो ना? तो गोळा म्हणजे मेंदूचा चुकलेला अंदाज. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. अंदाज जरा चुकला आणि लगेच सुटला की मजा येते. विनोदात तेच, भुताच्या गोष्टीत तेच. पण अंदाज चुकला आणि सुटलाच नाही, तर मेंदू कासावीस होतो."

"उभ्यासारखं."

"बरोबर. पोरांना आम्ही तुमचा जुना उभ्या जसाच्या तसा दाखवला. तो नुसता उभा आहे. मेंदू अंदाज करतो, आता धावेल, आता मारेल. तो काहीच करत नाही. मेंदूला बाहेर कारण सापडत नाही. मग तो कारण आत शोधायला लागतो. हा माझ्याकडेच का बघतोय? मी काय केलंय? आणि त्या क्षणी, काका, लोक चष्मा काढून ठेवतात."

"मग तेच तर..." मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही."

"म्हणून यंत्र त्याला हलवतं. प्रेक्षक कासावीस व्हायला लागला की गोष्ट जरा इकडची तिकडं करतं, त्याला सोसेल अशी. पुढच्या महिन्यात पहिला खेळ सांगलीत करतोय. बाबांच्या गावात. तुम्ही पहिल्या रांगेत."

जरा इकडची तिकडं म्हणजे वेग कमीजास्त होत असेल, असं मी धरून चाललो. विचारायला हवं होतं. पण तिच्यासारख्या शिकलेल्या बाईला आपण काय विचारायचं, असं वाटून मी गप्प बसलो. शिवाय बाप, अश्रू, दंड हे सगळं सोसूनही मला त्या खेळाची एक गरज होती. ती सांगतो.

माझी धाकटी बहीण नलू सांगलीत खानावळ चालवायची. इंजिनिअरिंगची पोरं, दवाखान्यातल्या नर्सा, बदलीवर आलेले कारकून. नलूची खानावळ म्हणजे नलूची पळी. आमटी ती स्वतःच्या हातानं वाढायची आणि वाढताना तोंडाकडे बघायची. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की दुसऱ्यांदा पळी फिरायची, न मागता. लग्न केलं नाही तिनं. मीही नाही. थोरल्या भावाचा मुलगा रणजित, तोच आम्हा दोघांचा म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी नलूचे गुडघे बदलले. ती दवाखान्यात आणि मग अंथरुणावर होती, तेवढ्यात रणजितनं खानावळीचा परवाना स्वतःच्या नावानं करून घेतला. नवी पाटी लागली, 'रणजित भोजनगृह'. वाढायला यंत्र आलं. ताट खाली धरलं की वरून मापात भाजी, मापात आमटी. नलू काठी टेकत परत आली तेव्हा तिला मागच्या बाजूला एक स्टूल मिळालं. आता ती स्वतःच्या स्वयंपाकघरात लसूण सोलते आणि फोडण्या देते. बाहेर वाढायला जायचं नाही.

"आत्या, तू दमतेस," रणजित म्हणतो. "आता तू आराम कर की."

"लसूण सोलणं हा आराम व्हय रे?" ती एकदाच म्हणाली. नंतर तेही म्हणाली नाही.

मी रोज दुपारी तिथं जेवायला जातो. रोज ठरवून जातो, की आज रणजितला बाजूला घेऊन बोलायचं. रोज तो हसून म्हणतो, "काका, बसा की, पंख्याखाली बसा." आणि माझा घसा दाटतो. मी यंत्राखाली ताट धरतो.

पण रणजितला मी लहानपणी पाहिलेला आहे. नऊ वर्षांचा असताना त्यानं वर्गातल्या एका पोराचा कंपास ढापला होता. त्याच महिन्यात 'झुंबड'चा अंक आला. त्यातला चोर शाळेतला मुलगा होता, हा निव्वळ योगायोग. रणजित अंक वाचून रात्रभर झोपला नाही आणि उजाडताच चपलाही न घालता त्या पोराच्या घरी पळत गेला. पुढं कित्येक महिने तो आमच्या अंगणाकडं पाठ करून जेवायचा.

मला जे बोलता येत नाही ते उभ्या न बोलता करेल, असा माझा हिशेब होता. मी रणजितला पहिल्या खेळाचं आमंत्रण दिलं.

"उभ्या?" तो हसला. "काका, त्यानं माझं बालपण नासवलं. येणार की. जुनी उधारी चुकती करायची त्याच्याशी."

खेळाला सगळी सांगली लोटली होती. केतकीनं स्टेजवरून दिनूचं नाव घेतलं, माझंही घेतलं, मी उठून पुन्हा बसलो. दिवे गेले. आम्ही चष्मे घातले.

सुरुवातीला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सकाळचं कोवळं ऊन, कौलारू घर, आणि दारासमोर तो. पिळदार नाही, ओले केस नाहीत. आमचाच. खांदा डावीकडे खाली, हात लोंबते, कडेला शाई जराशी फाकलेली, आमच्या मशीनवर फाकायची तशी. डोळ्याखाली ओरखडा. अश्रू नव्हे, ओरखडा. मला वाटलं, केतकीनं माझं ऐकलं. म्हातारपणी कुणी ऐकलं की काय होतं हे सांगत बसत नाही.

मग तो वळला.

तो चालत एका खोलीत आला. ती माझी खोली होती. माझं टेबल, माझ्या पुस्तकांचे ढीग. तो माझ्यासमोर बसला, चक्क बसला, आणि म्हणाला, "तुमच्याइतकं चांगलं कुणी लिहिलं नाही. लोकांना ते कळलं नाही, एवढंच."

मी रडलो. लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यभर जे एकदा तरी कुणाकडून ऐकावंसं वाटत होतं, ते मला त्यानं सांगितलं, आणि मी चष्म्याच्या आत भळाभळा रडलो. किती वेळ गेला माहीत नाही. मग माझ्या उजवीकडून हसण्याचा आवाज आला. मी चष्मा जरा वर केला. उजवीकडचा माणूस पोट धरून हसत होता. पुढच्या रांगेतली बाई हुंदके देत होती. तिच्या शेजारचा मुलगा मुठी वळून कुणाला तरी मारत होता. सगळ्यांची तोंडं एकाच कोऱ्या पडद्याकडे होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जरा इकडची तिकडं म्हणजे काय ते कळलं. सगळं सभागृह भरून माणसं होती आणि प्रत्येकाचा उभ्या वेगळा होता. प्रत्येकाला हवा तसा. आमच्याकडे दर महिन्याला चोर नवा असे आणि उभ्या तोच असे. यांच्याकडे चोर तोच राहतो आणि उभ्या बदलतो.

मी डावीकडे वळून रणजितकडे बघितलं. तो शांत बसला होता. चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

परतताना गाडीत तो आपणहून बोलायला लागला.

"काका, तुम्ही ग्रेट आहात. एवढं खोल लिहिलं होतं तुम्ही, मला लहानपणी कळलंच नव्हतं."

"काय बघितलंस तू?"

"म्हणजे तेच की. तो कष्टाळू माणूस. मोडायला आलेला धंदा अंगावर घेतो, उभा करतो, आणि घरचेच त्याला चोर ठरवायला बसलेत. सगळे दारात येऊन थांबतात. आणि मग उभ्या येतो." त्याचा आवाज जड झाला. "आणि त्या माणसाच्या पाठीमागं उभा राहतो. खांद्यावर हात ठेवतो. लोकांच्याकडं तोंड करून. काका, मला असं वाटलं, कुणीतरी पहिल्यांदा माझी बाजू बघितली."

"उभ्या कुणाच्या पाठीमागं उभा राहत नाही," मी म्हणालो.

"आता राहतो की. काळ बदलला."

तो आनंदात शीळ घालत गाडी चालवत होता. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी केतकीला फोन केला. आधी कागदावर मुद्दे काढले, मग तो कागद बाजूला ठेवला.

"केतकी, चोराला काय दाखवता तुम्ही?"

"कुठल्या चोराला?"

"प्रेक्षकांत बसलेल्या. तो असतोच. आमच्या काळातही असायचा. त्याच्यासाठीच आम्ही लिहायचो."

"काका, प्रेक्षक चोर आहे की साव हे यंत्राला कळत नाही. त्याला फक्त कासावीस होणं कळतं. ते कमी करायचं, एवढंच त्याला शिकवलंय."

"म्हणजे ज्याला सर्वांत जास्त कासावीस व्हायला हवं, त्याचीच तुम्ही सर्वांत जास्त समजूत घालता."

"असं नका म्हणू."

"दिनूनं तो चेहरा काळा का केला माहीत आहे? कुणाच्याही मर्जीप्रमाणे त्याच्यात काही दिसू नये म्हणून. तुम्ही त्याला आरसा केलात. तोही खोटं बोलणारा." माझा आवाज थरथरत होता, पण चालू होता. "राक्षस होता तो, केतकी. चांगला, सरळ राक्षस होता. त्याला बाप देऊन, रडवून, तुम्ही त्याला नोकर केलंत."

ती हळूच म्हणाली, "लोकांना आवडलाय, काका. पुढच्या आठवड्यात रोजच्या चष्म्यांतही देतोय. म्हणजे सिनेमागृहात जायलाच नको. घालाल तिथं तो दिसेल, समोर जे असेल त्याच्यावर. माझ्या हातात आता काही नाही."

मी फोन ठेवला. नंतर दिवसभर वाटत राहिलं की फार बोललो. दिनूची मुलगी आहे ती. पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही, आणि ही गोष्ट माझ्यासाठी नवी होती.

उभ्या रोजच्या चष्म्यांत आला त्या आठवड्यातल्या रविवारी मी सकाळी अंघोळ केली, नेहमीचा सदरा घातला आणि खानावळीच्या अंगणात जाऊन दरवाजासमोर उभा राहिलो.

सोंग काही घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. पुस्तकांची पिशवी वाहून वाहून माझा डावा खांदा तसाही खाली आलेला आहे. हात सोडले, समोर बघितलं. भीती फार वाटत होती. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आपल्यालाच हसतोय असं वाटत होतं. पण एक गोष्ट मला तिथं उभं राहिल्यावर कळली. बोलायचं नाही हे एकदा ठरलं की घसा दाटत नाही.

"काका?" रणजित दारात आला. "लवकर आलात. अजून वेळ आहे जेवणाला. आत बसा की."

मी उभा राहिलो.

"काका, ऊन लागेल. चहा पाठवू?"

चहा आला. मी घेतला नाही. पोरगं कप घेऊन परत गेलं.

"काय झालंय? बरं वाटत नाही का? बोला तरी. पुतळा झालाय व्हय तुमचा?" तो हसला. मग आत गेला. थोड्या वेळानं खिडकीतून बघून गेला. पुन्हा बघून गेला.

जेवणाची वेळ होत आली. इंजिनिअरिंगची पोरं यायला लागली. "आजोबा, रांग तिकडनं आहे," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "नाही रे, व्हिडिओ काढतायत वाटतं, कॅमेरा शोध." ती माझ्याभोवती घुटमळली आणि मग, का कोण जाणे, आत न जाता कठड्यावर बसून राहिली.

रणजित पुन्हा दारात आला, आणि या वेळी मी त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना बघितलं. त्यानं माझ्या खांद्याकडे बघितलं, हातांकडे बघितलं. तो नऊ वर्षांचा झाला. दाराची चौकट धरून तो उभा होता.

"हे बरं नाही, काका," तो म्हणाला. "हे असलं बरं नाही."

मग त्यानं खिशातून चष्मा काढला आणि घातला. चकती कानामागे दाबली. माझ्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ओठ सैल झाले.

"आता बघा," तो म्हणाला. "आता कसं छान. हसताय तुम्ही."

मी हसत नव्हतो.

"माझ्याकडं बघून मान हलवताय. मला माहीत होतं, तुम्ही माझ्याच बाजूचे आहात."

माझी मान ताठ होती. माझ्या आयुष्यात मला एवढा संताप आलेला नाही. माझा उभ्या चोरला तो चोरला, आता माझं तोंडही चोरलं. मी उन्हात उभा राहून जे न बोलता सांगत होतो ते पुसून त्या जागी यंत्र काहीतरी गोड लिहीत होतं, आणि मी ओरडलो असतो तरी त्यानं त्याचंही गाणं केलं असतं.

तेवढ्यात नलू पाण्याचा तांब्या घेऊन काठी टेकत बाहेर आली.

"दादा, अरे पाणी तरी घे. कधीचा उभा आहेस?"

मी तांब्याकडे बघितलं नाही. ती माझ्यासमोर थांबली. 'झुंबड'च्या छापील कागदांना घड्या घालायचं काम त्या काळी नलू करायची, आमच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून लांब बसून. उभ्या कधी पाणी घेत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिनं माझ्याकडे बघितलं, मग वळून नव्या पाटीकडे बघितलं. तांब्या कठड्यावर ठेवला. काठी कठड्याला टेकवून ठेवली. पदराला हात पुसले आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन, दाराकडे तोंड करून, उभी राहिली.

आत गॅसवर आमटीचं पातेलं होतं. ते तिला माहीत होतं.

रणजित चष्म्यातून आम्हा दोघांकडे बघत होता. त्याला काय दिसत होतं कुणास ठाऊक. आत्या आशीर्वाद देताना दिसत असेल. तो गालात हसत होता. कठड्यावरची पोरं एकदा त्याच्याकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होती, आणि त्यांच्यातलं कुणी आता थट्टा करत नव्हतं.

मग वास आला.

डोळ्यांना काय दाखवायचं ते यंत्राला येतं, कानात काय घालायचं तेही येतं. पण करपलेल्या डाळीचा वास त्याच्या हातातला नाही. आधी जरासा आला, मग दारातून धुराबरोबर भपकाच बाहेर आला. रणजितचं नाक हललं. हसू तसंच होतं, पण त्याच्या खाली काहीतरी बिनसलं. त्यानं मागं वळून बघितलं, पुन्हा आमच्याकडे बघितलं, आणि चष्मा काढला.

समोर दोन म्हातारी माणसं उभी होती. हसत नव्हती.

"आत्या, आमटी लागली," तो म्हणाला.

नलू बोलली नाही.

"आत्या, पोरं आलीत. पातेलं लागलंय, जा की आत."

कुणी हललं नाही. धूर दारावरून पाटीकडे चढत होता.

"काय बघताय दोघं?" तो ओरडला. "मी काय केलंय?"

रस्त्यावरून एक स्कूटर गेली. कठड्यावरच्या एका पोरानं पाय खाली सोडले आणि तोही तसाच थांबला.

"मी काय केलंय?" रणजितनं पुन्हा विचारलं. या वेळी आवाज खाली होता, आणि ते आम्हाला विचारलेलं नव्हतं.

तो आत गेला. गॅस बंद केल्याचा आवाज आला, पातेलं उतरवल्याचा आला. मग यंत्राची घरघर थांबली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पितळेची पळी होती. कुठल्या फळीवर, कशाच्या मागं टाकून दिली होती देव जाणे, तिच्यावर धूळ होती. त्यानं ती सदऱ्याला पुसली आणि नलूपुढे धरली.

नलूनं हात पुढं केला नाही.

"पाटी उद्या उतरवतो," तो म्हणाला. "परवान्याचंही बघतो."

"उद्या नको," नलू म्हणाली. "आत्ता."

त्यानं आतून स्टूल आणलं, तिचंच, लसूण सोलायचं. त्यावर चढला आणि पाटीच्या तारा सोडायला लागला. एका बाजूची तार सुटेना. कठड्यावरचा एक जण उठला आणि त्यानं दुसरी बाजू धरली. पाटी खाली आली, तेव्हा नलूनं पळी घेतली.

"दादा," ती जाता जाता म्हणाली, "आता जेवणार, का उभाच राहणार?"

मी आत जाऊन बसलो. करपलेली आमटी नलूनं सगळ्यांना वाढली, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून, आणि कुणी नाव ठेवलं नाही. रणजितला तिनं दोनदा वाढली.

उभ्या सिनेमात अजून चालू आहे. लाखो लोक रोज त्याला बघतात, त्याच्याशी बोलतात, त्याच्या बापासाठी रडतात. केतकीचा मध्यंतरी फोन आला होता, ओरखडा नेमका कसा पडला ते पुन्हा सांगाल का, म्हणून. मी सांगितलं. ती ऐकत होती एवढंच मला कळलं.

पण त्या दुपारची गोष्ट सांगायची राहिली. माझं पान दारासमोरच होतं. तिथून अंगण दिसत होतं. ऊन होतं, कठडा होता, त्यावर तांब्या होता आणि कठड्याला टेकलेली नलूची काठी. मी उभा होतो ती जागा कोरी होती. रणजित पोळ्या वाढत होता आणि दर फेरीला दारापाशी आला की त्याची नजर त्या मोकळ्या जागेवर जाऊन थांबत होती. चष्मा त्याच्या खिशात होता. त्यानं तो काढला नाही.